बैल आत चालतो ती गाडी

मालोजी सुतारांनी त्या दिवशी भाकरी खाल्ली, रंध्याला धार लावली आणि वाटेवरच्या एका परक्या माणसाला बोलावून पडवीतलं चित्र दाखवलं. यात नवीन काही नव्हतं. एकतीस वर्षांत ते चित्र पाहिल्याशिवाय त्यांच्या घरचं पाणी कुणाला मिळालं नव्हतं.

"बग, चाकं हायेत, पट्टा हाय. फकस्त गाडी थांबवायचा दांडा नाय. सायबानंच काडला नाय, तर मी कुठनं बशीवणार?"

आठ दिवसांसाठी माहेरी आलेली जिजा पाण्याचा तांब्या ठेवून नेहमीसारखी खाली बघत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालोजी उठले नाहीत.

चित्र आलं होतं माथेरानहून. विलायतेला निघालेल्या एका साहेबानं विकलेल्या सामानात ते याकूबशेठना मिळालं. चित्रातल्या गाडीचा घोडा पुढे नव्हता, आत होता. फळ्यांच्या फिरत्या पट्ट्यावर तो चालत होता, पट्ट्यानं चाकं फिरत होती आणि मागे उंच टोपीवाला साहेब आरामात बसला होता. याकूबशेठ कर्जत स्टेशनावरून खालापूरला माल आणायचे. बैल गाडीतच चालला तर त्याच्या पायाला काटा नाही आणि चिखलही नाही, हे त्यांना फार पटलं आणि तशीच गाडी त्यांनी मालोजींना बांधायला सांगितली. मालोजींनी चित्र फळीवर चिकटवलं आणि कामाला लागले. एखादा भाग तयार झाला की चित्रात त्याच्या शेजारी शिसपेन्सिलीनं बारीक फुली मारायची, ही त्यांची पद्धत.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. करवतीला, रंध्याला कुंकू लावता लावता नऊ वर्षांच्या जिजाला वाटलं, चित्रातला घोडा तरी का राहावा? घोड्याचं कपाळ मसुराएवढं आणि तिचा अंगठा चांगला भरलेला. कुंकू कपाळ सोडून पुढच्या दांड्यावर बसलं आणि दांडा दिसेनासा झाला. ते तिनं पाहिलं. पण लावलेलं कुंकू पुसायचं कसं? ती प्रसाद खायला गेली.

दिवाळीनंतर गाडी निघाली. आत याकूबशेठचा हौश्या बैल, मागे छत्री उघडून स्वतः शेठ. सपाटीवर सगळं चित्राबरहुकूम झालं. मग पाताळगंगेचा उतार लागला. उतारावर चाकं आपोआप फिरू लागली, त्यामुळे पट्टा पळू लागला, पट्ट्यामुळे हौश्याला पळावं लागलं, आणि हौश्या पळतोय म्हणून चाकं आणखी जोरात फिरू लागली.

मालोजी मागून धावत होते. "शेट, बैलाला थांबवा," ते ओरडले.

"बैल कवाच थांबलाय रं. त्याची जमीन पळतेय."

गाडीनं वाटेत अंबाबाईचं वाळत घातलेलं लुगडं घेतलं, भागूबाईच्या पापडांची खाट घेतली आणि सगळा संसार घेऊन ती नदीत शिरली. कमरेएवढ्या पाण्यात ती एकदाची थांबली. छत्रीमुळे शेठ डोक्यापुरते कोरडे राहिले. हौश्या मात्र उतरायला तयार होईना. शेवटी दुसरी बैलजोडी जुंपून गाडी बाहेर ओढावी लागली आणि लुगडं पांघरलेला हौश्या नवरदेवासारखा उभ्यानं गावात आला. पुढे त्याला कुठल्याही गाडीला जुंपायला गेलं की तो मागे वळून आत चढायला बघायचा.

गाव हसलं, आणि मग कुजबुजलं. मालोजींच्या हातचं कसब गेलं, आता यांच्याकडून कोण गाडी बांधून घेणार, असं बोलणं सुरू झालं. तेव्हा मालोजींनी चित्र चावडीवर आणलं आणि ज्यानं त्यानं गाडी थांबवायचा दांडा शोधून दाखवावा, असं सांगितलं. कुणाला सापडला नाही. कुंकवाखाली काय आहे, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही. याकूबशेठ तर पूजेच्या कुंकवाला हात लावणाऱ्यांतले नव्हतेच. चूक साहेबाची ठरली. जिजा अंगठा मुठीत दाबून उभी होती. आपल्यामुळे बाची गाडी बुडाली, हे सांगायचं ठरवून ती पुढे दर खेपेला माहेरी आली, आणि न सांगता परत गेली.

तेराव्याला याकूबशेठ आले. आता तेही थकले होते. पडवीत टेकून ते म्हणाले, ते चित्र जरा खाली काढ, एकदा नीट बघू दे.

धूळ पुसायला जिजानं चित्र आत नेलं. ओल्या फडक्याखाली इतक्या वर्षांचं कुंकू सुटलं. खाली दांडा होता, तो असणारच होता. पण दांड्याच्या शेजारी शिसपेन्सिलीची बारीक फुली होती.

फुली म्हणजे भाग तयार. बानं दांडा केला होता. बसवायचा राहिला होता, एवढंच. मग तो गेला कुठे? तिनं मान वर केली. दाराशी भिंतीला टेकवलेला अडसर एका टोकाला वाकडा होता, थेट चित्रातल्यासारखा. लहानपणी रोज सांजेला तिनंच तो दाराला लावला होता. आत्ता त्याच्या वाकड्या टोकाला याकूबशेठची छत्री अडकवलेली होती. आणि सगळं ठाऊक असून बानं कुंकू काही कधी पुसलं नव्हतं.

तेरा दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं.

"आणतेस ना गं?" बाहेरून शेठ म्हणाले.

तिनं चित्र नेऊन त्यांच्यापुढे धरलं. फुलीवर तिचा अंगठा होता. शेठनी चष्मा सावरला, चित्र जवळ ओढलं, लांब धरलं.

"ह्यो दांडा... व्हता की गं चित्रात."

"व्हता, काका," जिजा मोठ्यानं म्हणाली. "मीच त्याच्यावर कुंकू लावलं व्हतं. माज्या बाची काय चूक नव्हती."