दत्तूभावजींचा खुराक

दत्तूभावजी माणसाला नाव विचारायच्या आधी त्याचा दंड दाबून बघतात. लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर, कुठंही. माझ्या लेकीला बघायला उचगावचं स्थळ आलं, तेव्हा नवरामुलगा भावजींच्या पाया पडायला वाकला आणि यांनी वरच्यावर त्याचा दंड धरला. "पावणं, लईच मऊ हाय की ओ! घरात जेवायला घालत न्हाईत व्हय?" स्थळ जमलं ते जमलं, पण जावईबापू आजही आमच्याकडं येताना उन्हाळ्यातसुद्धा फुलशर्ट घालून येतात.

नात्यानं ते माझे चुलतदीर. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद. लग्न केलं नाही. मी भुणभुण लावली की म्हणायचे, "एका घरात दोन वस्ताद कशाला, वयनी?" पोरं म्हणजे तालमीतली. पण अलीकडं पोरं जिममध्ये जातात, आरशापुढं उभी राहून स्वतःचेच दंड बघतात. तालमीत उरले भावजी, लाल माती आणि एक मांजर. मांजराचाही खुराक चालू होता. ते दारातनं मावायचं नाही.

मी त्यांना हसते, पण तरुणपणी माझ्याइतकी येडी आई अख्ख्या पेठेत नव्हती. थोरल्याला गुटगुटीत बालक स्पर्धेत उतरवलं होतं. काट्यावर ठेवायच्या आधी पोटात दूध-केळं कोंबलं आणि पहिला नंबर काढला. बक्षीस मिळालेली प्लॅस्टिकची बादली मी रोज नळावर अशी मिरवत न्यायची, जणू कुस्ती मीच मारली. बादलीत पाणी कमी, तोरा जास्त.

त्याच थोरल्याची सई. दहा वर्षांची, गोड, गोलमटोल. जिना चढला की कुकरसारखी फुसफुसायची. शाळेत पोरं चिडवायची म्हणून खेळाच्या तासाला पोट दुखतंय सांगून वर्गात बसायची. तिच्या मानेवर काळसर पट्टा दिसायला लागला, तर मी शहाणीनं डाळीचं पीठ लावून घासघास घासला. पोरगी रडली, पट्टा तसाच.

मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हा मळ नाही. आतली साखर बिघडायच्या वाटेवर आहे. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील."

दहा वर्षांच्या पोरीला गोळ्या! माझ्या डब्यातल्या काय कमी होत्या घराला?

पण बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं काय, तर 'रोज खेळ'. आता खेळायचं कुठं? गल्लीत गाड्या, शाळेच्या पटांगणाला संध्याकाळी कुलूप. बाई स्वतःच उठून तालमीत गेल्या आणि तिथल्या मंडळाशी बोलणं केलं. तपासणी दवाखान्याची, खेळ तालमीचा. सईसारखी बारा-पंधरा पोरं-पोरी होती, ती सगळी संध्याकाळी तालमीत यायची. "तालमीत पोरी?" असं कुणीतरी पुटपुटलं. भावजी गरजले, "मातीला कळतंय व्हय, पोरगी का पोरगं? गप बस की!"

बाईंबद्दल मात्र त्यांना शंका होती. "मानूस चांगलं हाय, वयनी, पन अंगात कायच न्हाय. फुंकर मारली तर रंकाळ्यात जाऊन पडंल. ती काय पोरांची तब्येत करनार?"

खेळ सुरू झाला. लंगडी, लगोरी, शिवणापाणी. सई पहिल्यांदाच घरी चिखलमातीनं माखून आली आणि मी देवापुढं साखर ठेवली. महिन्यानं सगळी वरात दवाखान्यात वजनाला गेली. पुढं पोरं, मागं भावजी, फेटा बांधून.

पहिलं पोरगं काट्यावर चढलं. वजन वाढलेलं. "शाब्बास!" भावजी ओरडले. दुसरं चढलं, वाढलेलं. "वा रं पठ्ठ्या!" सईचा आकडा बघून तर त्यांनी भर दवाखान्यात शड्डू ठोकला. बाहेर इंजेक्शनला बसलेलं एक लेकरू दचकून रडायला लागलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वस्ताद, खेळ झाल्यावर यांना काय देता तुम्ही?"

"काय म्हंजे? खुराक! दूध, बदाम, तूप, वर दोन केळी. माती अंगाला लागली की खुराक नको?"

"अहो, मी कशासाठी पाठवली होती ही मुलं?"

"तालमीत कशाला पाठवत्यात मग?"

बाई डोकं धरून बसल्या. मग त्यांनी साखरेचं, दमाचं, मानेवरच्या पट्ट्याचं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "खुराक बंद होणार नसेल, तर मला मुलं पाठवता येणार नाहीत."

 भेटेल त्याचा दंड दाबणाऱ्या भावजींनी त्या दिवशी परतताना कुणाला हातही लावला नाही. घराशी आल्यावर विचारलं, "वयनी, खरंच गोळ्या देत्यात व्हय एवढ्याशा पोरीला?"

"देतात म्हणाल्या."

"मग ही कुस्ती आता मारायचीच."

दुसऱ्या दिवशी बदामाची बरणी आणि तुपाचा डबा माझ्या घरी आणून आदळला. स्वतःचीही थंडाई सोडली. "वस्तादानं प्यायची आन् पोरांनी बघायची, ह्ये न्हाय जमत." मांजरालाही पथ्य लागलं. ते रागानं आमच्या घरी राहायला आलं.

मग त्यांनी डोकं चालवलं. रस्सीखेच काढली आणि सईला दोरीच्या शेवटाला उभं केलं. समोर जिममधली आरशातली पोरं. "सई, तू आपला खुंटा! हालायचं न्हाय!" सई हलली नाही. आरसे मातीत लोळले. जन्मात पहिल्यांदा त्या पोरीला तिचं वजन कामाला आलं. त्या दिवसापासून तिचं शाळेतलं पोट दुखायचं थांबलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. खेळ संपला रे संपला की भावजी पोरांना हाकलायचे. "चला, जावा घरला! थांबायचं न्हाय!" पूर्वी खुराकाच्या निमित्तानं सगळी कट्ट्यावर बसायची, दंगा करायची. आता दार बंद.

मी विचारलंच, "भावजी, पोरांवर एवढा कसला राग?"

ते माती सारखी करत होते. मान वर न करता म्हणाले, "राग कसला, वयनी. पोरगं जाताना हातावर काय ठेवायचं न्हाय, मग थांब तरी कुठल्या तोंडानं म्हनायचं? आन् उद्या त्येनं यायचं तरी कशाला?"

  अख्खा जन्म मीही माणसं ताटानंच धरून ठेवली होती.

दिवाळीआधी तपासणी झाली. सई उंचीनं वाढली होती, वजन तिथंच थांबलं होतं, रक्तही सुधारलं होतं. बाई म्हणाल्या, "गोळ्या नकोत. आता तालमीची सक्ती नाही, पण खेळणं सोडू नका. कुठंही खेळा."

भावजींनी तेवढंच धरलं, 'सक्ती नाही'. शड्डू नाही, आरोळी नाही. "बरं झालं," म्हणाले आणि एकटेच पुढं चालत गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सई नेहमीच्या वेळेला चपला घालायला लागली. मी तिच्या मागं निघाले. तालमीचं दार आतनं बंद होतं. बाहेर आधीच चार-पाच पोरं उभी होती. सईनं दारावर थाप मारली.

"कोन हाय?"

"आम्ही!"

 आतनं आवाज आला, "दवाखाना संपला न्हवं? आन् हितं खायाला काय न्हाय हां! आधीच सांगतोय!"

"माहीत हाय की!" सई ओरडली. "दार उघडा!"

कडी काढायला भावजींना जरा जास्तच वेळ लागला.