मोहितेकाकांचा रग्बीचा हंगाम

आपल्याच संघाचा खेळाडू जखमी होऊन आडवा झाला की टाळ्या पिटणारा प्रेक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. समोरच्या संघातलं कुणी पडलं तर मोहितेकाकांना त्याचं सोयरसुतक नसे. पण आपल्याकडचा एखादा रेड्यासारखा गडी विव्हळत गवतावर लोळायला लागला, की ते सतरंजीवरून अर्धे उठून ओरडत, "पडला, पडला! आता थांबवा खेळ! यल्ला, चला!"

तेव्हा आम्ही आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर राहत होतो. खालच्या एका खोलीत मोहितेकाका एकटेच असत. जवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डरांचे सुपरवायझर होते. मूळचे वाळव्याकडचे, तरुणपणी कबड्डीत डावा कोपरा सांभाळलेले. बायको गावी असते आणि मुलगा "तिकडं असतोय", एवढीच माहिती त्यांनी आम्हाला दिली होती. तिकडं म्हणजे कुठं, असं विचारलं की ते चहा चांगला झालाय म्हणून सांगत.

एका फेब्रुवारीत ते गरम खुबूसची, म्हणजे तिथल्या अरबी रोट्यांची, पिशवी घेऊन वर आले आणि दारातच म्हणाले, "ताई, रविवारी तुमच्या टीव्हीवर जरा रग्बी लावू का? ॲप मी घेतलंय. पर मोबाईलवर माणूस मुंगीएवढा दिसतोय."

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी रग्बी पाहिली नव्हती. त्यातही ही रग्बी लीग, तेरा जणांची. पंधरा जणांची वेगळी, आणि ती काकांच्या मते फालतू. क्लब होता उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या खाणींच्या गावाचा. त्या गावाचं नाव काकांच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून ते 'आपला क्लब' म्हणत. हाच क्लब का, असं माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, विचारलं तर म्हणाले, "गाव चांगलं हाय." गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

नियम त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी समजावले. "चढाई करायची, धरून पाडलं की उठून परत चढाई. सहा पकडी झाल्या की खलास, चेंडू त्यांना. कबड्डीच हाय ताई. गोऱ्यांनी उगीच मधी चेंडू घातलाय."

सोफ्यावर ते कधी बसले नाहीत. सतरंजी अंथरून, सोफ्याला पाठ लावून बसत. श्रीकांत त्यांच्या मागे सोफ्यावर. सामना रंगात आला की काकांचा हात आपोआप मागे जाई आणि श्रीकांतच्या घोट्याला पकड बसे. डाव्या कोपऱ्याची जुनी सवय. एकदा तो चहाचा कप घेऊन उठत होता आणि नेमकी तेव्हाच पकड बसली. चहा गालिच्यावर, श्रीकांत टीपॉयवर. काका मात्र पडद्याकडे बघत म्हणाले, "सुटायचा न्हाई आता." तेव्हापासून श्रीकांत रविवारी मांडी घालूनच बसायला लागला.

मला सुरुवातीला या सगळ्याचा राग यायचा. आठवड्यातून दोन दिवस सुट्टी, त्यातली एक संध्याकाळ अनोळखी माणसांच्या मारामारीत. पण कसं कोण जाणे, एप्रिलपर्यंत मीही "अरे, मागे टाक ना चेंडू!" म्हणून ओरडायला लागले होते. काकांसाठी शिरा करायचा म्हणून रवा जास्त आणायला लागले. बाहेर ऊन वाढत गेलं, एसी घरघरायला लागला, आणि आपला क्लब न चुकता हरत राहिला. आज आम्ही दुबईत मोठ्या घरात राहतो, टीव्हीही मोठा आहे. पण त्या घरातल्या रविवारांची सर या घराला नाही.

काकांच्या टाळ्या आधी आमच्या ईशाला खटकल्या. ती आतल्या खोलीत येऊन हळूच म्हणाली, "आई, दॅट मॅन्स नोज इज ब्रोकन, अँड काका इज हॅपी. इट्स वीअर्ड." मी बाहेर आले आणि तडकून विचारलं, "काका, माणूस रक्तबंबाळ झालाय आणि तुम्ही हसता काय?"

काका उठले. टीव्हीजवळ जाऊन त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मैदानात बॅग घेऊन एक काळासावळा, सडपातळ तरुण धावत येत होता.

"ह्यो बॅगवाला," ते म्हणाले. "माझा संदीप."

संदीप त्या क्लबचा फिजिओ होता. कुणी पडलं तरच तो मैदानात यायचा, आणि आला तरच बापाला दिसायचा. संदीपने कबड्डी सोडून हे शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा काका सगळ्या घरादेखत बोलले होते, "लोकांचे पाय चोळायला जन्माला घातला व्हय तुला?" त्या दिवसापासून पोराने बापाशी बोलणं टाकलं होतं. आईला फोन करायचा, बापाला नाही. आणि मोहित्यांच्या घरात आधी फोन कुणी करायचा, हा प्रश्न इभ्रतीचा होता.

त्यानंतर कुणी पडलं की आम्ही सगळेच टाळ्या वाजवायला लागलो. शेजारचे मल्याळी काय समजत असतील कोण जाणे.

सप्टेंबरात शेवटचा सामना आला. हरलो तर क्लब खालच्या लीगमध्ये जाणार होता, आणि त्या लीगचे सामने काकांच्या ॲपवर दिसत नव्हते. म्हणजे संदीपही दिसणार नव्हता. त्या दिवशी काका शिऱ्याला शिवले नाहीत. "आज कुणी पडू नगा रे बाबांनो," एवढंच पुटपुटत होते.

शेवटच्या काही मिनिटांत आपला कॅप्टन खांदा धरून कोसळला. संदीप धावत आला. त्याने खांदा दाबून पाहिला, पट्ट्या आवळल्या, कॅप्टनच्या कानात काहीतरी बोलला, आणि तो धिप्पाड माणूस मुकाट्याने उठून उभा राहिला. आमच्यातल्या कुणीही टाळी वाजवली नाही. काका एवढंच म्हणाले, "हात बघा त्याचा. माझ्या आईचा हात हाय."

पण आपण हरलोच. खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. कॅमेरा फिरत फिरत संदीपवर गेला. तो कडेला बॅगेवर एकटाच बसला होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"त्याच्यापाशी कुणीच न्हाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मी म्हटलं, "मग तुम्ही लावा फोन."

जेवणं झाली, ईशा झोपायला गेली, तरी काका सतरंजीवरून हलले नाहीत. शेवटी त्यांनी मोबाईल काढला. नंबर 'डॉक्टर संदीप' या नावाने होता. व्हिडिओ कॉल लागला. पलीकडे बसच्या खिडकीशी सुजलेल्या डोळ्यांचा एक चेहरा आला आणि दोघं नुसते बघत राहिले. माफी मागणं काकांना येत नव्हतं. ते शिकवणारं त्यांच्या गावात कुणी नसावं.

"संदीप," ते शेवटी म्हणाले, "माझा डावा गुडघा लय दुखतोय रं. दोन वरसं झाली. जरा बघतोस का?"

त्यांचा गुडघा दुखतो, हे आम्हालाही त्याच क्षणी कळलं.

पलीकडे संदीपने नाक ओढलं आणि तो म्हणाला, "आबा, पँट वर करा. कॅमेरा जवळ न्या. आता मी सांगतो तसा पाय हळूहळू सरळ करा."

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पंचाचंही कधी ऐकलं नव्हतं, तो आमच्या सतरंजीवर पाय लांब करून, लेक सांगेल तसा वाकवत राहिला.