श्रोतृवर्ग, नग एक

ज्या गावात बोलणारे ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, ते गाव सांस्कृतिकदृष्ट्या प्रगत समजावे. या कसोटीवर बल्गेरियातल्या डोल्ना चेरेशाला तोड नाही. तिथल्या वाचनगृहात दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी खुला मंच भरतो. ताज्या नोंदीनुसार कवी एकोणीस, गायक सहा, अकॉर्डियनवाले चार आणि बासरीवाला एक (दातांचे डॉक्टर स्पास, तोंड उघडे ठेवून गप्प बसणाऱ्यांचीच त्यांना सवय). एकूण कलावंत तीस. श्रोता एक.

हा श्रोता म्हणजे रेल्वे फाटकावरून निवृत्त झालेल्या त्सोनामावशी. त्यांचे महत्त्व कळण्यासाठी नगरपालिकेचा नियम सात पाहावा: 'सभागृहाचा बॉयलर फक्त सार्वजनिक कार्यक्रमासाठी पेटवावा. श्रोत्याविना झालेला कार्यक्रम ही खासगी बडबड होय. कलावंतांच्या यादीत ज्याचे नाव नाही तो श्रोता.' थोडक्यात, मावशी आल्या तर ऊब, नाहीतर कुडकुडणे. म्हणून समितीने त्यांना रेडिएटरजवळची खुर्ची, लिंडनच्या फुलांचा चहा आणि चीज भरून भाजलेल्या बानित्साचा कडेचा कुरकुरीत तुकडा कायमचा बहाल केला होता.

प्रत्येकाचे झाले की मावशी म्हणत, "छान होतं. शेवट फार आवडला." अकरा वर्षांत हे वाक्य सुमारे चार हजार वेळा उच्चारले गेले, आणि दर वेळी समोरच्याला ते फक्त आपल्यासाठीच आहे असे वाटले.

सचिव गांचो यांना मात्र ते एकदाही लाभले नव्हते. सूत्रसंचालकाने आधी वाचणे बरे दिसत नाही म्हणून ते स्वतःचे नाव शेवटी घालत, आणि त्यांची पाळी येण्याआधी रखवालदार दिवे घालवी. वडील गेले त्या वर्षी लिहिलेली त्यांची कविता कोटाच्या खिशात घड्यांवर विरली होती. या फेब्रुवारीत त्यांनी मन घट्ट केले आणि आपले नाव सर्वांत वर लिहिले.

त्याच संध्याकाळी मावशींनी दाराशी पेन उचलले.

"मावशी, काय करताय?"

"नाव घालतेय. मलाही वाचायचंय."

"अहो, पण तुम्ही श्रोता आहात."

"होते."

कलावंत एकतीस, श्रोते शून्य. बाहेर उणे नऊ. कोणीतरी नाव मागे घ्यावे, असा ठराव तातडीने मांडला गेला. सर्वांनी एकमताने त्याचे स्वागत केले आणि छताकडे पाहिले.

"डॉक्टर, तुम्ही?"

"मी? आज नवी धून बसवून आणलीय रे. तूच खोड ना. अकरा वर्षं थांबलास, आणखी एक महिना काय जड आहे?"

गांचोंनी स्वतःच्या नावावर रेघ मारली. फार वाईट वाटले त्यांना. बॉयलर पेटला, ते रेडिएटरजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांच्या हातात चहा देण्यात आला.

मावशींनी चार पाने वाचली. गांचो एकटक त्यांच्याकडे पाहत होते. उजवा हात खिशात होता आणि ओठ किंचित हलत होते. वाचून झाल्यावर मावशी थेट त्यांच्यापाशी आल्या.

"कसं होतं?"

"छान होतं. शेवट फार आवडला."

मावशींनी चष्मा काढून पुसला. "ऐकलं नाहीस तू, गांचो."

"काहीतरीच काय, एकेक शब्द..."

"मला नको सांगूस. अकरा वर्षं मी त्याच खुर्चीत बसून ही चार पानं मनात जुळवत होते."

दुसऱ्या दिवशी गांचोंनी राजीनामा दिला (श्रोतेपदाचा, सचिवपदाचा नव्हे). ही जागा त्वरित भरायची आहे. इथवर मध्ये न बोलता वाचणारी कोणीही व्यक्ती पात्र समजली जाईल. अट एकच: अर्जासोबत स्वतःच्या कविता जोडू नयेत.

आजवर आलेल्या प्रत्येक अर्जाला त्या जोडलेल्या आहेत. तुमचीही कविता मिळाली. छान होती. शेवट फार आवडला.