नेमूअण्णा म्हणतात, चालत न्हाई

एका शनिवारी सकाळी शेजारचे नेमूअण्णा हातात स्टीलची वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, घरात शेंदूर हाय काय?"

मी शाळेत शिकवते, म्हणून मी गल्लीची 'बाई'. अण्णा जैन. त्यांच्या घरात शेंदुराचं काही काम नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत. त्यामुळे माझ्या सासूबाईंना एकदम गहिवरून आलं. उतारवयात का होईना, माणूस मारुतीच्या पायाशी आला, असं समजून त्यांनी वाटीभर शेंदूर दिला, वर तेलही दिलं. अण्णांनी तिथंच बोटानं शेंदूर कालवला, किती घट्ट झालाय ते बघितलं, "झ्याक!" म्हणाले आणि निघाले. सासूबाई कौतुकानं मागोमाग गेल्या. परत आल्या त्या तणतणत.

"अगं, लोखंडाला फासालेत! जीपगाडीच्या दातांना!"

खरंच होतं ते. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, त्याला गॅरेजवाले डिफरन्स म्हणतात. त्याच्या पोटात एक मोठी दातेरी चकती आणि तिला भिडलेला एक छोटा दातेरी दांडा असतो. क्राऊन आणि पिनियन. इंजिनाची गरगर या दोघांमार्फत चाकांना पोचते. दोघांचे दात नीट जुळले तर गाडी गुपचूप पळते. केसभर इकडंतिकडं झालं की रडते. खरोखर "ऊंऽऽ" असा सूर लावून रडते. म्हणून दातांवर शेंदूर लावायचा, चकती फिरवायची आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं. पुसलेला ठिपका दाताच्या मधोमध पडला की जमलं. हे सगळं मला आता पाठ आहे, कारण ते उन्हाळाभर आमच्या खिडकीखाली चाललं होतं.

अण्णांचं खरं नाव नेमगोंडा. इस्लामपूरच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. जन्मभर खण, धोतरं आणि गणवेशाचं कापड फाडलेला हा माणूस. त्याचा लोखंडाशी संबंध कात्रीपुरता. पण दुकानातसुद्धा त्यांची एक ख्याती होती. आमच्या भागात "चालतंय की" हे दोन शब्द पाण्यासारखे वापरतात. चहात साखर कमी पडली, चालतंय की. पाहुणे एक दिवस आधीच आले, चालतंय की. अण्णांना मात्र हे शब्द ऐकले की अंगावर झुरळ पडल्यासारखं होतं. एकदा एक गिऱ्हाईक विणीत दोष असलेला तागा बघून म्हणालं, "चालतंय की अण्णा, पोराच्या सदऱ्यालाच तर पायजे." अण्णांनी तागा गुंडाळून फळीवर ठेवला. "सदऱ्याला चालत न्हाई. फडकं पायजे असंल तर बोला." गिऱ्हाईक गेलं ते समोरच्या दुकानात. अण्णा खूश.

अशा माणसाची जीप रडायला लागली.

आधी ती शौकत मिस्त्रींकडं गेली. नाक्यावर त्यांचं गॅरेज आहे आणि माणूस अण्णांच्या जुन्या ओळखीचा. त्यांनी नवीन क्राऊन-पिनियन बसवून दिलं. रडणं कमी झालं, पण थांबलं नाही. शौकतभाई म्हणाले, "अण्णा, जुनी गाडी हाय. एवढं रडणारच. चालतंय की."

"चालत न्हाई!" अण्णा इतक्या जोरात ओरडले म्हणे, की गॅरेजमधल्या एकाच्या हातातला पाना खाली पडला. त्याच दिवशी जीप घरी आली आणि तिचा मागचा भाग घराच्या पुढच्या सोप्यात आला.

अण्णांचा गुरू मोबाईलमध्ये होता. परदेशातला कुणीतरी गोरा माणूस आपल्या घराच्या अंगणात डिफरन्स उघडून दाखवतो, तो व्हिडिओ. त्याचं बोलणं अण्णांना एक अक्षर कळत नव्हतं.

"कळाय कशाला पायजे? तोंड बघायचं न्हाई, हात बघायचं. हात काय विंग्रजीत चालत न्हाईत."

पिनियन आत किती सरकवायचा ते त्याच्या बेअरिंगमागं पत्र्याचे पातळ वॉशर घालून ठरतं. वॉशर बदलायचा तर बेअरिंग काढा, परत ठोका, परत काढा. अण्णांनी चाचणीपुरतं एक जुनं बेअरिंग आतून पॉलिश पेपरनं घासून घासून असं सैल केलं, की बांगडीसारखं काढता-घालता यावं. माप घ्यायचं घड्याळासारखं यंत्र त्यांनी सांगलीहून आणलं. बेअरिंग किती आवळलंय ते बघायला मात्र वेगळा काटा लागतो. तो मिळेना, तेव्हा त्यांनी भाजीवाल्या मावशींचा हुकाचा ताणकाटा मागून घेतला, पिनियनला दोरी गुंडाळली आणि ओढू लागले. मावशी आमच्या दारात पाटी ठेवून वाट बघत बसायच्या. "आवं अण्णा, वांगी तोलायची हायती!"

"थांबा मावशी. हितं आधी तोल सांभाळतोय."

काम सकाळी सुरू व्हायचं आणि सूर्यास्ताआधी बंद, कारण अंधार पडायच्या आत जेवणं व्हायला हवीत. मुंगी दिसली तर ती बोटानं अलगद बाजूला जायची, मगच हातोडा. हे सगळं पद्माक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, सोप्यातल्या खुर्चीत बसून बघायच्या. मागच्या दिवाळीच्या आधी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, आवाज मात्र बसला. शब्द सावकाश येतात, आणि इतके हळू की समोरच्यानं वाकून कान द्यावा लागतो. अण्णांनी ठिपका दाखवला की अक्का मान हलवायच्या. बहुतेक वेळा आडवी.

ठिपका काही केल्या मधोमध येईना. कधी दाताच्या टोकाला, कधी बुडाला. वॉशर घाल, शेंदूर लाव, फिरव, पूस. आमच्याकडचा शेंदूर संपला. सासूबाईंनी रागानं दुसरा आणून दिला आणि वर म्हणाल्या, "मारुतीला कमी लागतो हो!"

मध्येच अजित आला. अण्णांचा मुलगा, पुण्यात नोकरीला. त्याची गाडी नवीकोरी, आवाज असा की चालू आहे की बंद ते कळू नये. सोप्यातला पसारा बघून तो हबकला.

"बाबा, हे भंगारात द्या. मी तुम्हाला गाडी घेऊन देतो. एसी, पॉवर स्टेअरिंग, सगळं."

"तुझ्या आईला बंद गाडीत मळमळतंय. मागल्या खेपंला कराडपत्तूर दोनदा थांबाय लागलं, इसरलास?"

"मग डिफरन्ससकट तयार अ‍ॅक्सल मिळतो जुन्या बाजारात. आणा, बसवा, झालं! थोडा आवाज आला तर काय बिघडतंय?"

"चालत न्हाई."

"लोक हसतात, बाबा."

"हसू देत. गाडी रडालीया ते कुणाला दिसंना?"

अजितनं आईकडं बघितलं. अक्का काहीतरी म्हणाल्या. तो वाकला. "काय म्हणालीस?" अक्का पुन्हा म्हणाल्या. अजित सरळ झाला आणि हसला. "आई म्हणती, ह्यांच्या नादी लागू नको, जेवून घे." वाद तिथं संपला. पण जाताना अजित माझ्याजवळ थांबला. "बाई, तुम्ही तरी समजावा. म्हातारपणी कशाला हा हट्ट?"

मी समजावायला गेले. अण्णांनी ऐकून घेतलं, मग माझ्या हातात दोरीचं एक टोक धरायला दिलं. "हितं घट्ट धरा." मी धरलं. समजावणं राहिलं.

शेवटी एकदा ठिपका मधोमध आल्यासारखा वाटला. जीप जोडली. गल्लीतले सगळे रस्त्यावर. अण्णा नाक्यापर्यंत जाऊन आले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण खरंच गाडी गुपचूप गेली होती. अण्णा खाली उतरले ते पडलेल्या चेहऱ्यानं.

"पाय सोडला की रडती."

"म्हणजे?"

"जोर दिला तर गप. वेग कमी केला की बारीक सूर लावती. उलट्या बाजूनं दात जुळलं न्हाईत."

आम्हाला कुणालाच तो सूर ऐकू आला नव्हता. मलाही आता कंटाळा आला होता. "अण्णा, पुरे की आता. उरलेला आवाज कुणाला ऐकू येतोय?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचं वाक्य मी गिळलं. दुसऱ्या दिवशी डिफरन्स पुन्हा सोप्यात. त्या दिवशी त्यांनी हत्यार हातात घेतलं नाही. नुसते अक्कांच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, हरला हा माणूस.

मग शौकतभाई आले. आले ते अण्णांनी बेअरिंग उपसायला मागून आणलेला आपला पुलर परत न्यायला, निदान तसं म्हणाले तरी. सोप्यात उभे राहिले. शेंदरानं माखलेले दात बघितले. मग शर्टाच्या बाह्या वर करत ते उकिडवे बसले.

"क्राऊन काढू या काय, अण्णा? त्येच्या बुडाला बोट फिरवून बघू."

चकती काढली. ती जिथं टेकते त्या कडेवर शौकतभाईंनी बोट फिरवलं, मग अण्णांनी फिरवलं. एका जागी लोखंडाचा बारीक कंगोरा उठला होता. म्हणजे चकती बसायची तीच तिरकी. इतके दिवस चाललेलं सगळं जुळवणं तिरक्या पायावर होतं.

"बसवताना माझंच चुकलं," शौकतभाई म्हणाले. "म्या पुसून बघितलं न्हाई."

"म्याबी कुठं बघितलं? निस्तं दातच बघत बसलो," अण्णा म्हणाले आणि कानस पुढं केली.

कंगोरा घासला. वॉशर पुन्हा घातले. दोघं आळीपाळीनं दोरी ओढत होते, आणि भाजीवाल्या मावशी आता स्वतःच काट्याचा आकडा वाचून दाखवत होत्या. शेंदूर लावला, चकती एका अंगानं फिरवली, मग दुसऱ्या अंगानं. दोन्ही बाजूंचा ठिपका दाताच्या ऐन पोटावर. अण्णांनी तो अक्कांना नेऊन दाखवला. या वेळी मान उभी हलली.

दोन दिवसांनी, उन्हं उतरल्यावर, अण्णांनी मला हाक मारली. "बाई, बसा मागं. शेताकडं जाऊन येऊ." अक्का पुढं बसल्या. मला वाटलं, परीक्षक म्हणून नेतायत, म्हणून मी कान टवकारून बसले. कुंडलच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ऊस. अण्णांनी जोर दिला, पाय सोडला, पुन्हा दिला. काही नाही. नुसता वारा आणि टायरांची सरसर.

"अण्णा, जिंकलात!" मी म्हणाले.

त्यांनी मला हातानं गप्प केलं. अक्का बोलत होत्या.

"पाटलांच्या… उसाला… पाणी कमी…"

"व्हय, मोटर जळालीया त्येंची," अण्णा समोर बघत म्हणाले. मान वळवली नाही, वाकले नाहीत. लगेच उत्तर.

अक्का क्षणभर थांबल्या. मग पुन्हा. नात्यातल्या रत्नाच्या मुलीचं लग्न, पिठात मीठ जास्त झालं होतं, अजित वाळलाय. एकेक शब्द सावकाश येत होता आणि अण्णा प्रत्येकाला उत्तर देत होते, भांडत होते, "मीठ न्हवतं जास्त, तुझ्या जिभंचं काम हाय," म्हणत होते. अक्का हसत होत्या.

शेताच्या बांधावर गाडी थांबली. अक्का आंब्याखाली उभ्या राहिल्या, तेव्हा अण्णा बोनेटला टेकून मला म्हणाले, "दुखण्यातनं उठल्यावर रोज हिला हितं आणायचो. ही काय तरी बोलायची. गाडी रडालेली, मला ऐकूच यायचं न्हाई. घरी वाकून ऐकतोय, स्टेअरिंगवर कसा वाकू? निस्तं व्हय-व्हय म्हणायचो. तिला कळलं. मग गाडीत बोलायचंच सोडलं तिनं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "चाळीस वर्षं ही गाडीत बडबड करत आलीया, बाई. आता ती गप बसलेली मला चालत न्हाई."

परतताना अक्का बोलतच होत्या. आमच्या गल्लीचा फाटा आला. दिवेलागणीला अजून थोडा वेळ होता. अण्णांनी वेग कमी केला, अक्कांकडं एकदा बघितलं, आणि गाडी सरळ पुढं जाऊ दिली. अक्कांचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं.