आधी काठी, मग मावशी

आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडलं की आधी काठी आत जाते आणि मग आमच्या शेजारच्या गवाणकर मावशी. काठी लिफ्टच्या कोपऱ्याकोपऱ्यात ठकठक करते, मावशी वाकून एक नजर टाकतात आणि मग म्हणतात, "हं, या आता." ज्यांना त्या 'या' म्हणतात ती माणसं आधीपासून आतच उभी असतात, अंग चोरून.

नवीन भाडेकरूंना वाटतं, म्हातारीचे गुडघे गेलेत. मावशींचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. काठी आहे ती सापासाठी. करी रोडला, अकराव्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीच्या लिफ्टमध्ये.

मावशींची सगळी नोकरी रानात गेली. सरकारी खात्यात झाडाझुडपांची पाहणी करायचं काम होतं. कुठल्या डोंगरात काय उगवतं ते हिंडून बघायचं, फांद्या तोडायच्या, रद्दी पेपरात दाबून वाळवायच्या आणि साहेबाकडे पाठवायच्या. पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या कुठल्यातरी खबदाडात तंबू पडायचा, तो उन्हाळ्यापर्यंत. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या तेव्हा इथली चाळ पाडून टॉवर झाला होता. वडिलांच्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये त्या राहायला आल्या, आणि तंबूतल्या सवयी बरोबर घेऊन आल्या.

त्यांचा लाडका शब्द म्हणजे 'कळवणं'.

"साप काय तुझ्या मागावर असतो का रे? तो बिचारा भित्रा. आपण येतोय हे त्याला नुसतं कळवायचं. जमिनीला धक्का बसला की तो आपणच निघून जातो. कुणाच्या घरी बेल न वाजवता शिरतोस का तू?"

त्यामुळे मावशी सगळीकडे कळवत जातात. पंपाच्या खोलीत शिरताना कळवतात. वॉचमनच्या खुर्चीखाली कळवतात, तेव्हा वॉचमन जागा होतो. माझी बायको वैशाली ओट्याखालच्या टोपलीतून कांदे काढायला वाकली की पाठीमागून आवाज येतो, "कळवलंस का?" आता वैशालीला इतकी सवय झालीय, की ती माहेरी गेली तरी कांद्याच्या टोपलीला आधी एक लाथ मारते. तिच्या आईला वाटतं, मुलगी रागात आहे.

एकदा मी त्यांच्याबरोबर दादरला भाजी आणायला गेलो. मेथीच्या ढिगात हात घालायच्या आधी मावशींनी काठीने ढीग चाळवला. भाजीवाली भडकली. "ओ बाई, काय मारताय तिला? मेथी हाय ती!"

"मेथी दिसतेय मला," मावशी शांतपणे म्हणाल्या. "मेथीत कोण आहे ते बघतेय."

त्यानंतर त्या गल्लीतलं एकही गिऱ्हाईक मेथीजवळ फिरकेना. मी मावशींना घेऊन पुढच्या गल्लीत सटकलो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे पार्किंगवर भांडत असतात. मावशींचा विषय ठरलेला. इमारतीमागे बिल्डरने टाकून दिलेल्या फळ्या आणि विटा. "तिथे उंदीर झालेत. उंदराच्या मागून कोण येतं?"

"मॅडम," सेक्रेटरी हात जोडून म्हणाला, "करी रोडला साप कुठून येणार?"

"त्याला काय तुमची एनओसी लागते?"

मीटिंग हसून हसून संपली. फळ्या मात्र पुढच्या आठवड्यात उचलल्या गेल्या, कारण मावशी रोज सकाळी सेक्रेटरीच्या दारात जाऊन कळवत होत्या.

तर अशा या मावशी. आणि गेल्या दिवाळीनंतर मला राजापूरकडच्या आमच्या गावी जायचं होतं. वडिलांच्या माघारी आमच्या जमिनीच्या तुकड्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. काजूची चार झाडं, बाकी नुसतं रान. हद्द कुठली ते एकदा बघून घेऊ, एवढाच बेत. वैशालीला सुट्टी नव्हती.

"एकटा जाणार?" मावशींनी विचारलं. "कातळावर? गवत वाढलंय तेव्हा? मी येते."

विचारलं नव्हतं मी. पण आल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर तिकडच्या सरकारी दवाखान्याला फोन लावला. "सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का? नाही, अजून कुणाला चावला नाही. आम्ही उद्या येतोय." पलीकडच्या माणसाने त्यांचं नाव लिहून घेतलं.

गावात आमचे बाबीकाका असतात, वडिलांचे चुलतभाऊ. त्यांनी जीपवाल्याला रस्त्यावर थांबवलं आणि आम्ही रानात शिरलो. मी मावशींच्या हुकमाने जाड पँट आणि घोट्यावर येणारे बूट घातले होते. मावशी पुढे, काठी आपटत. मध्ये मी. मागे अनवाणी बाबीकाका, हसत. "बाये, सापाक जागो करतस की गावाक?"

सगळं झकास चाललं होतं. हद्दीचा दगडी गडगा ओलांडताना माझा बूट घसरला. पडू नये म्हणून मी हात टेकला, तो नेमका दोन चिऱ्यांच्या फटीत. करवत लाकडावर घासावी तसा आवाज आला आणि अंगठ्याजवळ कुणीतरी तापलेली सुई खुपसली.

मी ओरडलो. मावशी वळल्या. फटीत सरकणारं तपकिरी वेटोळं मलाही दिसलं. वीतभर असेल नसेल.

"फुरसं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी 'भेंडी' म्हणावं तसा. "नंदू, खाली बस. हलायचं नाही."

बाबीकाकांनी एवढा मोठा दगड उचलला. "मारतंय तेका!"

"दगड ठेवा खाली. दुसरा पेशंट नकोय मला."

मावशींनी माझी अंगठी काढली, घड्याळ काढलं. मी रुमाल काढून मनगटाला आवळायला लागलो, तर हातावर चापट बसली. "आवळायचं नाही. कापायचं नाही. चोखायचं तर मुळीच नाही." आपली ओढणी काढून त्यांनी माझा हात झोळीत बांधला, तान्हं मूल बांधावं तसा.

बाबीकाका चुळबुळत होते. "बाये, वाडयेत एक म्हातारो आसा. पालो लायता. आधी थंय जावया."

"जाऊ या ना. आधी दवाखाना, मग त्यांच्याकडे पेढे द्यायला. जवळच्या घरातून खुर्ची आणा आधी, आणि जीपवाल्याला हाक मारा. याला चालू द्यायचं नाही."

प्लास्टिकच्या लाल खुर्चीत बसून, बाबीकाका आणि जीपवाला यांच्या खांद्यांवरून मी माझ्या वडिलोपार्जित जमिनीतून मिरवत निघालो. हात पेटला होता. मला वैशाली आठवत होती, आणि तिला न सांगता घेतलेला नवा फोन आठवत होता.

जीपमध्ये मावशींनी माझं डोकं मांडीवर घेतलं. हात सुजत चालला होता. "मावशी, मी मरणार का?"

"आज नाही. इंजेक्शन आहे तिथे, मी विचारलंय. तू शांत पडून राहा, मी गंमत सांगते. तू बोलायचं नाहीस."

आणि त्या बोलत सुटल्या. त्यांच्या कॅम्पवर बर्वे नावाचा एक सहकारी होता. लांब नाकाचा, चहात दोन वेळा साखर घालणारा. तंबूत दिवा लावायच्या आधी तो मावशींचं अंथरूण काठीने झटकायचा, उशी उलटीपालटी करायचा आणि बाहेर येऊन सलाम ठोकायचा. "मॅडम, आपलं राज्य सुरक्षित आहे!" एकदा उशीखालून बेडूक निघाला, तर हाच जोरात किंचाळून तंबूच्या दोरीत अडकला आणि सगळा तंबू आडवा. आत मावशी, बर्वे आणि बेडूक. हात दुखत असतानाही मी हसलो.

"हसू नको, हात हलतो," म्हणून मावशींनी मला दटावलं आणि पुढचं सांगितलं. बर्वे बासरी शिकत होता. त्याला कायम एकच धून यायची, तीही अर्धी. पावसात चूल पेटली नाही की तो मावशींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहायचा आणि स्वतः भिजायचा. "तब्येत नाजूक. दर वेळी सर्दी. वैताग नुसता."

दवाखाना आला तेव्हा माझ्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. माझं रक्त काचेच्या नळीत ठेवलं, ते गोठेना. सलाइनमधून औषध सुरू झालं. डॉक्टर तरुण होता. त्याने मावशींकडे पाहून विचारलं, "काल फोन केलेल्या तुम्हीच का?" मावशींनी मान डोलावली. तो नर्सला म्हणाला, "यांना चहा द्या."

वैशाली मिळेल त्या पहिल्या बसने येऊन थडकली. तोवर माझं रक्त गोठायला लागलं होतं, सूज कोपरापर्यंत येऊन थांबली होती. तिने आधी मला मिठी मारली, मग मावशींना, आणि मग रडली. नव्या फोनचं तिला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैशाली डबा आणायला गेली होती. मावशी खाटेशेजारच्या स्टुलावर मोसंबं सोलत बसल्या होत्या. मला बर्वेची आठवण झाली.

"मावशी, त्या बर्वेचं पुढे काय झालं?"

"बदली झाली त्याची. नागपूरकडे."

"आणि?"

"आणि काय? काही दिवसांनी पत्रिका आली. लग्नाची."

"गेलात?"

"न जायला काय झालं? गेले. आहेर घेऊन गेले." त्यांनी फोडीचं साल सोलून काढलं. "गमबुटांचे दोन जोड. गुडघ्यापर्यंतचे, चांगल्यातले. एक त्याला, एक बायकोला. तीही त्याच्याबरोबर रानात हिंडणार होती ना."

मला मांडवातली साड्यांची, भांड्यांची रास दिसली आणि त्यावर ठेवलेले काळे कुळकुळीत गमबूट दिसले. मी इतका हसलो की सलाइनचा स्टँड हलला. मावशीही हसल्या. त्यांना स्वतःच्या विनोदावर हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पण मावशी, तिला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं. मापाचं काय केलंत?"

मावशी फोडीतल्या बिया काढत होत्या. एकेक बी नखाने टोकरून कागदावर ठेवत होत्या.

"मला तिचं माप कुठून कळणार?" त्या म्हणाल्या. "माझंच दिलं."

मग त्यांनी फोड माझ्या तोंडासमोर धरली. "घे. बिया काढल्यात."