दाजींचा नारळ

न्हाणीघरातला नळ गळतो, अशी तक्रार मी घरमालकांकडे केली, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर नळासमोर पाटावर नारळ ठेवला. मग टोपी सारखी केली, हात जोडले आणि मला म्हणाले, "मास्तरांनू, मी सांगतंय तां ऐका आणि दर वाक्याक 'व्हय म्हाराजा' म्हणा. बाकी तुमका काय करूचा नाय."

या घरमालकांना सगळी वाडी दाजी म्हणायची. मी २००३ साली मालवणजवळच्या एका शाळेत रुजू झालो आणि बायकोला, सुमनला, घेऊन फोंडाघाट उतरून त्यांच्या कौलारू घरात भाड्याने राहायला आलो. घर बाहेरून झकास होतं. आत मात्र नळ गळायचा, मागच्या दाराची कडी लागायची नाही, ओटीवरचं बाकडं बसलं की डुलायचं आणि माजघराच्या कौलांतून आभाळ दिसायचं. "ताजी हवा येते," असं मी सुमनला म्हणालो. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तर नळासमोर दाजींनी खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या मास्तरांचो नळ गळता हा."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"मास्तर घाटावरचे. तेंका टिपटिप ऐकान झोप येणा नाय."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या बायलेक माशाच्या कढीत तिरफळां किती घालूची ह्येचो अंदाज येणा नाय. तो येवंदे!"

"व्हय म्हाराजा!" मी जरा जास्तच मनापासून म्हणालो. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

हे झाल्यावर दाजींनी पिशवीतून पाना काढला, नळाशी अर्धा तास खटपट केली आणि टिपटिप निम्म्यावर आणली. मग हात पुसत म्हणाले, "बाकीचा फाल्यां." फाल्यां म्हणजे उद्या. नारळ उचलून पिशवीत टाकला. मी विचारलं, "फोडायचा नाही?"

"काम पुरा झाल्याशिवाय नारळ फोडूक नाय. देवाक फसवूचा नसता."

दाजींचा उद्या मात्र रोज यायचा. सकाळी साडेनऊला सायकलची घंटा वाजायची आणि पिशवी घेऊन दाजी हजर. नळ अर्धा झाला की कडी. कडीचे तीन स्क्रू बसले की चौथा फाल्यां. चौथ्याच्या दिवशी बाकड्याचा पाय. कौलांची एक ओळ परतून झाली की दुसरी फाल्यां. प्रत्येक कामाआधी तोच नारळ, तेच गाऱ्हाणं. महिन्याभरात आमच्या घरातली एकही गोष्ट देवापासून लपून राहिली नव्हती. माझं पित्त, सुमनच्या बहिणीचं रखडलेलं लग्न, दहावीच्या वर्गाची इंग्रजी, सगळं दाजींनी वर पोचवलं होतं. सुट्टीच्या दिवशी मी अंथरुणात लोळत असलो तरी बाहेरून हाक यायची, "मास्तरांनू, व्हय म्हणूक येवा!"

काम झालं, म्हणजे झालं नाही, की दाजी त्या डुलत्या बाकड्यावर बसून चहा प्यायचे. सुमनशी त्यांचं छान जमलं होतं. "गो बाय, थंय कोपऱ्यात आमच्या बायलेचा वायन होता," असं काहीबाही सांगत बसायचे. वायन म्हणजे उखळ. बायको वारली, मूलबाळ नव्हतं. एकट्याला घर खायला उठायचं, म्हणून ते बाजाराजवळ पुतण्याकडे राहायला गेले आणि घर भाड्याने दिलं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून माझ्या डोक्यात शिरलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

नऊ-दहा महिने गेले. नारळातलं पाणी आटून तो हलवला की आत गोटा खुळखुळायचा. माझं डोकं मात्र तापत चाललं होतं. त्यातच मे महिन्यात सासरे राहायला येणार असल्याचं पत्र आलं. सासरे म्हणजे करड्या शिस्तीचे गृहस्थ. त्यांना डुलतं बाकडं आणि न लागणारी कडी कोणत्या तोंडाने दाखवायची? नेमके त्याच आठवड्यात दाजी भाचीच्या लग्नाला फोंड्याला गेले. मी कुडाळहून बाबल नावाचा सुतार बोलावला. त्याने एक गडी आणला आणि चार दिवसांत नळ, कडी, बाकडं, कौलं, सगळं चोख करून टाकलं.

"अहो, दाजींना विचारायला हवं होतं," सुमन म्हणाली.

"विचारलं असतं तर नारळ ठेवला असता," मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

जाताना बाबलने कडीकडे बोट दाखवून विचारलं, "मास्तर, ही कडी आधी कोणी बसवलेली?"

"दाजींनी."

"मस्करी करू नकात. माका रंधो धरूक दाजींनी शिकवल्यानी. हयच्या देवळाचे दरवाजे तेंनी केलेले आसत. तेंच्या हातान स्क्रू ढिलो रवाचो नाय."

"वय झालं आता," मी म्हणालो.

आत सुमन हातातलं काम टाकून उभी राहिली होती. तिला कळलं होतं. मला कळायला आणखी थोडा वेळ लागला.

दाजी लग्नाहून परतले ते लाडू घेऊनच आले. सायकल लावली, पिशवी काढली आणि ओटीवर येऊन बाकड्यावर बसले. बाकडं डुललं नाही. ते उठले, आत गेले. नळ उघडून बंद केला. कडी लावली, काढली, परत लावली. मान वर करून कौलं पाहिली. मी कामाची कारणं सांगत होतो, सासऱ्यांचं पत्र वगैरे. ते म्हणाले, "बरा केलात. बाबलाचो हात चांगलो आसा." चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी घंटा वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सासरे आले, घर बघून खूश झाले आणि गेले. साडेनऊ वाजले की सुमन सवयीने चहाचं आधण ठेवायची आणि मग माझ्याकडे बघायची.

शेवटी एका रविवारी मी सुरी घेतली आणि मागच्या दाराच्या कडीचे चारही स्क्रू ढिले केले. मग पुतण्याच्या घरी गेलो. दाजी पडवीत नुसते बसून होते. "दाजी, कडी निखळली हो," मी म्हणालो.

ते लगेच उठले. पिशवी घेतली. सायकलवर माझ्यापुढे घरी पोचले. कडीसमोर वाकून त्यांनी स्क्रूंवर बोट फिरवलं. सुरीचे ताजे ओरखडे मला उभ्यानेच दिसत होते. त्यांनी पहिला स्क्रू आवळला. दुसरा. तिसरा. मी मनात म्हणत होतो, आता थांबा, आता थांबा. त्यांनी चौथाही आवळला. पाच मिनिटं लागली असतील.

"बाकीचं फाल्यां ना, दाजी?" मी विचारलं.

"बाकी खंय काय आसा आता?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून तो खुळखुळता नारळ काढला आणि मागच्या पायरीशी उभे राहिले. सुमन पदराला हात पुसत बाहेर आली.

"बा देवा म्हाराजा! मास्तरांच्या घराचा काम पुरा झाला."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"हीं दोघां माजी लेकरां. माजी बायल होती तेव्हा हय जसा भरलेला होता, तसा तेंचा घर भरान जावंदे."

"व्हय म्हाराजा," सुमन म्हणाली.

"आता ह्या घराक म्हाताऱ्याची गरज नाय रवली."

सुमनने तोंडाला पदर लावला. दाजी हात जोडून, मान खाली घालून आमची वाट बघत राहिले. व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

मग ते स्वतःच हळू म्हणाले, "व्हय म्हाराजा," आणि त्यांनी नारळ पायरीवर आपटला.