शेवटचं कोण?

मॅडमच्या दाराची पितळी मूठ वरच्या बाजूनेच झिजली होती. घामेजलेली बोटं तिथे टेकतात आणि दाबायचं की नाही हे ठरेपर्यंत टेकलेलीच राहतात. रालित्साने हे मागच्या दोन्ही परीक्षांना समोरच्या बाकावरून नीट पाहिलं होतं. स्वतः मुठीला हात मात्र लावला नव्हता. "तू हो पुढे" असं एकेकाला म्हणत दोन्ही वेळा ती तशीच घरी गेली होती. आज शेवटची संधी. ही गेली की वर्ष गेलं.

प्लोवदिव शहरातल्या त्या कॉलेजात तोंडी परीक्षेला नावं पुकारत नाहीत. येणारा "शेवटचं कोण?" असं विचारतो, त्या एका माणसाला लक्षात ठेवतो आणि कुठेही जाऊन बसतो. आज पहिला त्स्वेतान, त्याच्यामागे प्लामेन, मग योआना आणि शेवटी रालित्सा.

डेटा स्ट्रक्चर्सचं अर्धं पुस्तक वाचायचं राहिलेला त्स्वेतान खाली बानित्सा खायला गेला आणि ओठाला चीज लावून परत आला.

"शेवटचं कोण?"

"मी," रालित्सा म्हणाली.

"मग मी तुझ्यामागे. माझा नंबर सोडला मी."

प्लामेन तेव्हा बाहेर सिगारेट ओढत होता. तो येऊन बसतो न बसतो तोच आतून स्तानेवा मॅडमचा आवाज आला, "चला, पुढचा!"

कोणी हललं नाही.

"जा की रे," योआनाने प्लामेनला कोपराने ढोसलं.

"मी कसा? मी त्स्वेतानच्या मागे."

"आणि मी रालित्साच्या," त्स्वेतान म्हणाला.

"रालित्सा माझ्यामागे, मी ह्या शहाण्याच्या मागे!" योआना वैतागली. "त्स्वेतान, तू पहिला होतास ना?"

"होतो. आता नाही."

"मग आता पहिलं कोण?"

"ते मला काय विचारतेस? मी शेवटचा."

मॅडम कॉफीचा कप घेऊन दारात आल्या. "ही संपेपर्यंत कोणी आत आलं नाही, तर चौघंही गैरहजर." मॅडमचे घोट मोठे होते.

गोंधळ रालित्साला सगळ्यांच्या आधी कळला होता आणि म्हणूनच ती गप्प होती. हा सुटेपर्यंत तिचा नंबर येणारच नव्हता. पण कपाचा तळ दिसू लागला, तशी ती उठली.

"मॅडम, ही लिंक्ड लिस्ट आहे. प्रत्येकाला फक्त पुढचा माहीत. त्स्वेतान पुढून निघून मागे जाऊन चिकटला, पण प्लामेनने त्याला सोडलंच नाही. साखळी गोल झालीये. कितीही फिरलं तरी सुरुवात सापडायची नाही."

मॅडमनी कप खाली घेतला. "एक प्रश्न झाला तुझा. बरोबर. आता ही तोडायची कुठे?"

"कुठेही चालेल," रालित्सा म्हणाली. ती मुठीकडे पाहत होती. किती दिवसांनी छातीभर श्वास आला.

"माझ्यापाशी तोडा, मॅडम. मी येते आत."